एका जात्याचा एकच हात

नाईल नदीच्या काठी चार हजार वर्षांपूर्वी दळायला बसलेल्या एका बाईनं कावेरीचा हात असा काही पुढं ओढला, की कावेरीच्या तोंडून निघून गेलं, "अगं हळू!"

शेजारी पडद्यावरचे आलेख न्याहाळत उभा असलेला मुश्ताक तांबोळी हसला. "तिला मराठी येतं का, मॅडम?"

"येत असेल. रेटते तरी आपल्यासारखीच."

कावेरी गुडघ्यावर बसली होती. समोर पाट्यासारखा पसरट, मधे खोलगट झालेला दगड, आणि त्यावर दोन्ही हातांनी धरायचा लांबट गोटा. खरा दगड काचेआड होता. हात ठेवायला त्याची हुबेहूब नक्कल केलेली, आणि नकलेच्या पोटात मोटर. गोटा पुढं जात होता, मागं येत होता. नुसतं यंत्र हललं असतं तर कावेरीला काही वाटलं नसतं. पण यात दम होता. पुढं रेटताना जोर, मागं येताना सैल, मधेच एक अडखळ, जणू कपाळावरचा घाम कोपरानं पुसला असावा. मग परत सुरू. चार हजार वर्षं झाली, त्या बाईच्या गावाचं नाव कुणाला ठाऊक नाही, तिचं स्वतःचं तर त्याहून नाही. घाम पुसायची तिची लकब मात्र सोलापूरच्या अलीकडं, सीना नदीच्या काठी, कावेरीच्या मनगटाला कळत होती.

हे संग्रहालय लहानसं. इथं राजांच्या तलवारी नव्हत्या की सोन्याची नाणी नव्हती. होते ते दळणाचे दगड, देशोदेशींचे. मेक्सिकोहून आलेला तीन पायांचा काळा दगड, ज्वालामुखीच्या राखेतून उठल्यासारखा खडबडीत. स्कॉटलंडच्या पलीकडल्या बेटावरचा, वाऱ्यापावसानं गुळगुळीत झालेला. इथिओपियाचा, तुर्कस्तानचा. सीनाकाठच्याच जुन्या गावठाणाच्या पांढरीत नांगराला लागलेली सातवाहन काळातली जाती. आणि दाराशीच चुनखडीची एक वीतभर बाहुली : गुडघ्यावर वाकून धान्य भरडणारी बाई. मिसरातल्या कुण्या सरदाराच्या थडग्यात ठेवलेली, म्हणजे मेल्यावरही त्याला ताजं पीठ मिळावं. मुश्ताक शाळेच्या सहलींना ती दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, धनी मेला तरी हिची सुटका नाही."

दगडात हात राहतो, हे आधी कुणाला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की मातीची भांडी तापवली की त्यांतून पुसटसा उजेड निघतो, आणि तो मोजून भांड्याचं वय काढता येतं. स्फटिकांच्या कणाकणात साठून राहिलेली ऊर्जा त्या उजेडाच्या रूपानं सुटते. पुढं ध्यानात आलं की नुसता काळच साठत नाही, ताणही साठतो. दगडावर दगड रगडला की आतले कण दबतात, पिळवटतात, आणि प्रत्येक रगड्याची खूण धरून ठेवतात : किती जोर, कोणत्या बाजूनं, किती वेगानं, हात कुठं थांबला. ताणावर ताण चढत जातो, आधीचा खाली दबतो. त्यावर ठरावीक रंगाच्या प्रकाशाचा झोत सोडला की हे सगळं उजेड होऊन बाहेर पडतं, आणि यंत्र ते टिपून घेतं. या यंत्राला सगळे ताणवाचक म्हणत. टिपलेली चाल मोटरीला दिली, की तोच हात तुमच्या हाताखाली फिरू लागतो.

त्यात एकच मेख होती. उजेड एकदाच निघतो. झोत सोडायचा तो एका थरावर नेम धरून, आणि एकदा सोडला की बाकीच्या सगळ्या थरांतल्या खुणा निवून जातात. न वाचता. एका जात्यावर पाच पिढ्या दळल्या असल्या तरी त्यांतला एकच हात हाती लागतो. कुणाचा, ते आधी ठरवायचं.

आणि इथंच माणसांची पंचाईत झाली.

जुने दगड वाचून संपायच्या आत लोक आपापल्या घरची जाती घेऊन यायला लागले. माळ्यावरून काढलेली, गोठ्यात पालथी पडलेली, कुणी तुळशीजवळ शोभेला ठेवलेली. संग्रहालयानं आठवड्यातून एक वार त्यांच्यासाठी राखून ठेवला. कावेरीचं काम नेम धरायचं. रांगेतली माणसं तिच्यासमोर यायची, मोटर बसवलेल्या नकलेच्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवायची, आणि मग काय व्हायचं ते व्हायचं. सत्तरीतला एक पैलवान गडी लहान पोरासारखा हुंदके देत बसला. एका सुनेनं खुंटा धरला आणि झटक्यात सोडला. म्हणाली, "तशीच आहे हो. अजून ढकलतेय मला."

घोडके बंधूंची गोष्ट तर तालुकाभर झाली. थोरल्याला आईचा हात हवा होता. धाकट्याला आजीनं वाढवलेलं, त्याला आजीचा. दोघं रांगेतच भांडले, मागच्या लोकांनी समजूत घातली, कुणी चहा पाजला. शेवटी तावातावानं थोरल्यानं वरची तळी उचलली, धाकट्यानं खालची, आणि दोघं दोन दिशांनी घरी गेले. दोन्ही तळ्या एकमेकींवर बसल्याशिवाय वाचन होत नाही, हे कावेरी त्यांना ओरडून सांगत होती. मागं वळून कुणी बघितलं नाही.

मुश्ताक हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. कावेरी हसली नाही. कारण ढोकरवाडीच्या घरात, चुलीच्या उजव्या अंगाला, तिचंही एक जातं होतं, आईच्या लग्नात नवं घेतलेलं. त्याच्यात दोन हात होते.

एक हात आईचा. पद्मिन तिचं नाव. कावेरी रांगत होती तेव्हा ती तापानं गेली. तिचा लग्नातला फोटो आहे एकच, त्यात मुंडावळ्यांखाली मान इतकी खाली घातलेली की नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. आवाज ठाऊक नाही, चाल ठाऊक नाही. रोज परक्यांच्या हातात त्यांच्या आया देताना कावेरीच्या मनात यायचं : आपल्यालाही आई मिळू शकते. एक झोत, एक नेम, की झालं.

दुसरा हात बाईचा. बाई म्हणजे छबूबाई. पद्मिन गेल्यावर वर्षाच्या आत वडिलांनी केलेली दुसरी. कावेरी तिला पहिल्यापासून बाईच म्हणते, आणि कावेरीला पाठचं भावंड कुणी झालं नाही. बाईनं तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, कॉलेजात घातलं, लग्नात हिच्याआधी आपणच रडून घेतलं. वडील गेले, बाई वाडीतच राहिली, दोन शेळ्या आणि एक भांडखोर कोंबडा घेऊन. वाडीला आता बिनड्रायव्हरची एसटी जाते. बाई तिच्यात चढताना अजून पुढच्या रिकाम्या खुर्चीला "राम राम" घालते.

आईचा हात वाचायचा तर बाईचा पुसायचा. हे तिला सांगायचं कसं, या विचारात कावेरीनं सबंध उन्हाळा घालवला.

शेवटी एका रविवारी ती वाडीला गेली. बाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"बाई, जातं न्यायला आलेय. वाचून घ्यावं म्हणते."

बाईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. टीव्हीवर तिनं सगळं बघितलं होतं. "कुणाचा हात?"

कावेरीनं मनात दहा तऱ्हांनी घोकलेलं उत्तर ऐनवेळी एका शब्दावर आलं. "आईचा," ती म्हणाली.

बाईनं आणखी एक शेंग फोडली. त्यात दाणाच नव्हता. ती फोलपटं उगाच उलटीपालटी करत राहिली.

"बरं," ती म्हणाली, आणि शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेली.

त्या 'बरं'चं ओझं दोन्ही तळ्यांहून जड होतं. एसटीत जातं पायाशी ठेवून कावेरी ते वाटभर वागवत आली.

नेम धरण्याआधी एक चाचपणी करायची असते. चाचपणीनं खुणा पुसल्या जात नाहीत. किती थर आहेत, कुठं आहेत, एवढंच ढोबळ कळतं. मुश्ताकनं जातं चौकटीत बसवलं आणि पडदा लावला. दोन पट्टे उमटले. खाली गडद, रुंद, सलग. वर फिकट आणि विस्कटलेला.

"एवढे वेगळे पट्टे मी बघितलेच नव्हते," मुश्ताक म्हणाला. "खालच्या वेळी दगडाचे दात ताजे होते, छिन्नीनं टाकी लावलेली, म्हणून ताण खोल गेलाय. त्यानंतर टाकीच लावलेली नाही. वरच्या बाईनं बोथट दगडावर दळलंय. ताण सगळा वरच्या वर." त्यानं बोट सरकवलं. "आणि थांबायची किती बघा ही! चार फेरे झाले की थांबली. दोन फेरे, की थांबली. आळशी होती का हो मॅडम?"

"ती माझी बाई आहे."

मुश्ताकची जीभ दातांखाली आली. "माफ करा. पण..." त्यानं पट्टा मोठा करून दाखवला. "हे काय आहे ते कळत नाही. दळताना डाव्या अंगाला काहीतरी भार आहे. सारखा. आणि जसजसे थर वर येतात तसतसा तो भार वाढत गेलाय."

"पाठीला काही असेल," कावेरी म्हणाली. मनातून तिला बाईची लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटली याची आणखी लाज वाटली.

वाचनाच्या दिवशी बाई आपण होऊन आली. कावेरीनं बोलावलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं उतरली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, हातात पिशवी, पिशवीत मुश्ताकसाठी शेंगांचे लाडू. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. पहिली वारली असली की दुसरीनं तिच्या नावाचा असा टाक गळ्यात घालायचा, ही त्या भागातली रीत. नखाएवढ्या पत्र्यावर ठोकून काढलेली बाईमाणसाची आकृती. बाई त्याला 'थोरली' म्हणते. नवं लुगडं आलं की आधी थोरलीला लावायचं, सणाचा पहिला घास थोरलीच्या तोंडाला. लहानपणी कावेरी तोच टाक चोखत झोपायची.

दाराशी बाई मिसरच्या बाहुलीपुढं थांबली. वाकून, निरखून बघितलं.

"हिच्या पाठीत उसण भरली आसंल," ती म्हणाली. "बस की गं जरा. कोण बघतंय?"

मुश्ताक लाडू खात खात तिला पडद्यापाशी घेऊन गेला. "काकी, हा खालचा काळा पट्टा म्हणजे थोरल्या बाई. हा वरचा फिकट म्हणजे तुम्ही. ही तांबडी रेघ जिथं ठेवू, तिथला हात येणार."

बाईनं आपला पट्टा बराच वेळ पाहिला. "लईच फाटकी दिसते मी."

"त्याचंच विचारायचं होतं. टाकी का नाही लावली कधी?"

"थोरलीच्या जात्याला टाकी?" बाईनं कानाला हात लावला. "सासूबाईनी आल्या दिवशीच सांगितलेलं, तिच्या दगडाला घण लावू नगं, तिला लागंल. मग ती पोरीला बघंल." तिनं कावेरीकडं हनुवटी केली. "पहिलीचा राग लेकरावर निघतो म्हनायची समदी. म्या न्हाई लावली. भाकरी भरड व्हायची, हिचा बाप ताटावरनं उठायचा. उठू दे म्हनलं. उपाशी ऱ्हाईल आन् येईल."

"आणि सारखं थांबायचात का? दर दोन फेऱ्यांना?"

"आता थांबू नगं तर काय करू? ही मांडीवर असायची की! आई गेलेली, नवी बाई घरात आलेली. खाली ठेवली की टाहो फोडायची. मग एका हातानं हिला धरायची, दुसऱ्या हातानं दळायची. डोळा लागला की चार फेरे. रडली की थांब. लई रडकी व्हती." बाई हसली. "गिरणी नदीपलीकडं. दुसरं करनार काय?"

मुश्ताकचा लाडू हातातच राहिला. त्यानं डाव्या अंगाच्या त्या भाराकडं पाहिलं, वर वर वाढत गेलेल्या. मग कावेरीकडं पाहिलं, आणि पाण्याचं निमित्त करून बाहेर गेला.

कावेरी पडद्यापुढं उभी राहिली. तो फिकट, फाटका पट्टा. त्यातला भार ती होती. त्यातला एकेक खंड म्हणजे तिचं एकेक रडणं. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, वडील गेले, आजी गेली, दुसरं कुणी साक्षीला उरलेलं नाही. एका दगडानं तेवढं धरून ठेवलं. आईचा हात आपल्याला हवा होता, पण या पट्ट्यात तर आपण आहोत, बाईच्या मांडीवर. झोत सोडला की हे संपलं.

बाई पलीकडं नकलेच्या जात्यावर हात फिरवत होती. कावेरीनं हळूच बोट सरकवलं. तांबडी रेघ खालच्या पट्ट्यावरून वर आली.

"दिवे घालवतो," मुश्ताक दारातून म्हणाला.

"थांब रं बाबा." बाई पडद्यासमोर येऊन उभी होती. डोळे बारीक करून बघत होती. "ही रेघ माझ्या हातावर का आली?"

मुश्ताकनं कावेरीकडं पाहिलं. कावेरीनं पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

"पोरी, तुला विचारते."

"बाई, त्यात मी पण आहे ना," कावेरी म्हणाली. "तुझ्या मांडीवर. ते गेलं तर परत नाही मिळायचं."

"मग जाऊ दे की. ती रेघ ती. मांडी गेली का माझी?" बाईनं मांडीवर चापट मारली. "माझा हात मेलाय व्हय? जित्या मानसाचा हात दगडात कशापायी हुडकायचा? ने ती खाली."

"तू त्या दिवशी 'बरं' म्हणालीस, तेव्हाच मला कळलं तुला वाईट वाटलं."

"वाटलं तर. न वाटायला मी काय दगड हाय?" बाई जराशी घुश्श्यात बोलली, मग गळ्यातला टाक मुठीत धरला. तिचा सूर खाली आला. "माझं बी एक ऐक, कावेरे. तिच्या चुलीवर मी रांधलं. तिच्या उतरंडीत हात घातला, तिच्या उंबऱ्यावर रांगुळी काढली. तिची लेक मांडीवर घेतली. जल्मभर ही चांदीची बाहुली गळ्यात घालून हिंडले. सोनारानं ठोकलेली. समद्या गावच्या थोरल्यांना एकच तोंड काढायचा तो मुडदा. लोकं म्हनायची, थोरली अशी व्हती, थोरलीच्या हाताला चव व्हती. ऐकून घ्यायची. मला ती कदी दिसली न्हाई गं. भांडायला सुदिक गावली न्हाई." ती थांबली. "तुला एकटीलाच न्हाई भेटायचं तिला. मला बी भेटायचंय."

एवढी वर्षं आईची वाट बघणारी घरात आपण एकटीच, अशी कावेरीची समजूत होती.

ती पडद्याकडं वळली. त्या फाटक्या पट्ट्यावरून तिनं एकदा बोट फिरवलं, निजलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं. मग तांबडी रेघ खाली नेली. खालच्या गडद पट्ट्यावर, अगदी मधोमध.

मुश्ताकनं दिवे घालवले. झोताला आवाज नसतो. दोन तळ्यांच्या फटीतून निळसर उजेडाची एक बारीक कड उमटली, गोल फिरली, आणि विझली. एवढंच. पडद्यावरचा वरचा पट्टा राखेसारखा होत होत दिसेनासा झाला. कावेरीनं तो जाईपर्यंत पाहिला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायची तिला शुद्ध नव्हती.

"आलाय," मुश्ताक दिवे लावत हलकेच म्हणाला. "स्वच्छ आलाय, मॅडम. धरा."

नकलेचं जातं मधोमध मांडलेलं होतं. कावेरी त्याच्यासमोर बसली, खुंट्यापर्यंत हात नेला आणि मागं घेतला. परत नेला, परत घेतला. रोज परक्यांना "घाबरू नका, धरा" म्हणणारी ती.

"बाई, आधी तू."

"मी? आगं, तुझी आई ती."

"तू आधी. मला भीती वाटते."

बाई जात्याशी आली. एक पाय दुमडून, एक पसरून बसली. कित्येक वर्षांत दळली नव्हती, पण अंग विसरलं नव्हतं. डावा हात आपसूक वळून मांडीवर एक पाळणा करून बसला. तो पाळणा रिकामा आहे हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती स्वतःशीच हसली आणि हात खाली सोडला. पदर खोवला. खुंटा धरला.

मुश्ताकनं मोटर सोडली.

"आगं! आगं आगं!" बाई अख्खी पुढं ओढली गेली. "केवढी जोरात ओढती ही! दमानं, बाई, दमानं!"

खुंटा दमानं घेईना. गरगर फिरत राहिला, ताठ, तरुण, घाईघाईचा. बाईची कोपरं दुखत असणार, पण ती सोडायला तयार नव्हती. दोन-चार फेरे ती त्या हाताशी झोंबली. आपल्या लयीत आणू पाहत होती; तो काही ऐकेना. मग तिनं झोंबणं सोडलं आणि त्याच्याबरोबर जाऊ लागली.

"कसली एवढी घाई गं तुला?" ती पुटपुटली. "समदं झालं की आता. पोर मोठी झाली. शिकली. मी हाय की."

आणि मग, कुणी न सांगता, तिच्या ओठांवर आलं. आधी नुसता सूर, मग शब्द :

"न्हाई देखिली भेटली, कशी म्हनू तुला सवत
एका खुंट्यापाशी दोघी, बसू पदर खोवत..."

ओवी बाईची स्वतःची होती, आणि चाल थोरलीची. तो घाईचा फेराच सूर कुठं उचलायचा, कुठं टाकायचा ते तिला सांगत होता. मुश्ताकनं पाठ फिरवली आणि भिंतीवरची जुनी पाटी वाचायला लागला.

"ये," बाईनं डोळे न उघडता म्हटलं. तिनं कावेरीचं मनगट धरलं, ओढून आणलं, आणि तिची बोटं खुंट्याभोवती नीट मिटवली, पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावावं तशी. "थोरले, ही तुझी लेक. वाढवली जमंल तशी. हात धर हिचा."

आईचा हात कावेरीला लागला.

त्यात ऊब नव्हती, लाकूडच ते. पण जोर होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. फेरा पुढं जाताना भरभर, अंगाशी येताना जराशी ढील. आणि दर फेऱ्याच्या शेवटी एक बारीकसा झटका, मनगटावर घसरलेल्या बांगड्या मागं सारल्यासारखा. हे कुणी सांगितलं नव्हतं. फोटोत नव्हतं. एक झटका, मग फेरा. परत झटका. कावेरी प्रत्येक फेऱ्याला त्याची वाट बघू लागली, आणि तो दर वेळी येत राहिला. "आई," ती म्हणाली. बोलायची सवय नसलेला शब्द. तो तिच्या तोंडात वेडावाकडा फिरला.

बाईची बोटं खुंट्यावरून सैल झाली. "बसा तुमी दोघी," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

कावेरीनं दुसऱ्या हातानं तिचा पंजा पकडला आणि परत खुंट्यावर आणला, आपल्या हाताच्या वर. "कुठं चाललीस?"

"आगं, मावत न्हाई तिघींचा हात एवढ्याशा खुंट्याला."

"मावतो."

बाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग परत मांड ठोकून बसली, पसरलेला पाय नीट घेतला, आणि फिरत्या खुंट्याकडं वाकून म्हणाली, "थोरले, सरक जरा."